टोफूवाल्याचं वळण

४ मे १९६९

सगळं बदललं ते गेल्या वर्षी पंधरा सप्टेंबरला, दुपारी पावणेचारच्या सुमारास, टोफूवाल्याच्या वळणावर. आमच्या वस्तीच्या रथाचा पुढचा आस मोडला आणि दादाचा उजवा गुडघा चाकाखाली गेला. मी मागच्या दोराला होतो. काडकन एक आवाज आला आणि हातातला दोर सैल पडला, एवढंच मला कळलं. त्यानंतर मी जे काही केलं, ते त्या आवाजापासून सुरू होतं.

ही वही दादाने दिली. म्हणाला, आस करायचा तर रोजचं टिपण ठेव, काय केलं आणि काय चुकलं ते. त्यात आसाबाहेरचंही येणार हे त्यालाही माहीत आहे.

कॉलेज मार्चमध्ये सोडलं. निम्मं वर्ष ते संपामुळे बंदच होतं. उघडलं त्या आठवड्यात मी आसाचं रेखाचित्र घेऊन प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी विचारलं, कुठल्या गाडीचा? म्हटलं, जत्रेच्या रथाचा. ते हसले. तसं वाईट हसले नाहीत, पण हसले. मी दार आपटून बाहेर पडलो तो परत गेलो नाही. आई शेजारपाजारी सांगते, सुट्टी आहे.

चार टनांचा लाकडी रथ तीनशे माणसं धावत ओढतात. वळणावर वेग कमी करायचा नाही, यातच सगळी शान. वळण आलं की तरफेवाला आतल्या पुढच्या चाकाखाली लांब तरफ घालून चाक अडवतो, आणि त्याच क्षणी मागचे लोक रथाचं शेपूट दोराने ओढून फिरवतात. सगळा भार पुढच्या आसावर. तरफेला दादा होता. यंदा इवाओ असणार, शाळेपासून माझ्या वर्गातला, आता बंदरावर कामाला असतो.

११ मे

मोडलेल्या आसाचे तुकडे पाहायला उएमात्सु मिस्त्रींच्या शेडमध्ये गेलो. मिस्त्री सदुसष्ट वर्षांचे. रथाची चाकं आणि आस तेच घडवतात, आणि जत्रेत मागच्या तुळईपाशी उभं राहून दोरवाल्यांना इशाराही तेच देतात. तुकडे त्यांनी फेकले नव्हते, ताडपत्रीखाली ठेवले होते.

आस मधे जाड आणि चौकोनी, टोकाला चाकासाठी गोल आणि बारीक. जाडी उतरते तिथे काटकोनात कापलेला खांदा. मोड बरोबर त्या कोपऱ्यातून निघालेली. पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल, कोपऱ्यात ताण साठतो, तिथे गोलाई पाहिजे. मी मिस्त्रींना तसं म्हटलं. ते म्हणाले, माझे वडील असाच करायचे. मी म्हटलं, म्हणूनच असा मोडला. ते रागावले नाहीत. चहा ओतला. मला वाटतं, त्यांना ऐकू कमी येतं.

आणखी एक. जत्रेच्या सकाळी त्या ओकच्या आसावर समुद्राचं पाणी ओततात. वंगणाचा थेंब लावू देत नाहीत. लाकूड फुगतं, आणि मग वळणावर तरफ बसली की आस असा किंचाळतो, की मासळीबाजारातली मांजरं पळावीत. का, विचारलं तर एकच उत्तर, पहिल्यापासून असंच आहे. वहीच्या शेवटच्या पानावर अंधश्रद्धांची यादी केली आहे, त्यात हे पहिलं.

पोलादी आस, खांद्याला गोलाई, चाकाच्या भोकात अस्तरासारखा पितळी बुश, आणि भरपूर वंगण. हे माझं.

तोमोए शेडच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मिस्त्रींची मुलगी. टॉवेलच्या गिरणीत मागावर असते. लहानपणापासून पाहतोय तिला, पण गेल्या सप्टेंबरमध्ये दवाखान्याच्या व्हरांड्यात ती दादाकडे बघून म्हणाली होती, "पुढच्या वर्षी तरफेला कोण उभं राहणार?" तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. आमच्या घरासाठी कुणी असं रडलेलं मी पाहिलं नव्हतं.

२७ मे

गिरणी सुटल्यावर तोमोए आज तिसऱ्यांदा दादाच्या दुकानात लेथवर आली. पिकलेल्या केळ्यांसारखी बोटं तेलाने काळी झालेली असताना भातगोळा कसा खायचा म्हणून मला हसली. ती नेहमी दोन पुडे आणते. एक आमच्यापुढे सोडते, दुसरा पिशवीत राहतो, बंदरावर कुणाला तरी द्यायचा असतो.

प्रश्न मात्र नेमके विचारते. आस मोडला तर तरफेवाला कुठल्या अंगाला पडतो? उडी मारायला वेळ मिळतो का? मी खांद्याची गोलाई, भाराचे बाण, सगळं कागदावर काढून दाखवलं. तिने कागद घडी करून मागून घेतला. माझा कागद जपणारी ही पहिलीच. जाताना एक टॉवेल देऊन गेली, काठ चुकलेला, गिरणीने बाजूला टाकलेला. मी तो वापरणार नाही.

दादा म्हणाला, "हात पुसायला असतो तो. तू तर देव्हाऱ्यात मांडशील."

८ जून

वस्तीची बैठक. दोन तास लोक लाकूड की पोलाद यावर भांडले. जुनी माणसं म्हणाली, रथाला लोखंड लावलं तर तो रथ कसला, ट्रक झाला. मी उठून म्हटलं, तुमच्या लाकडाने माझ्या भावाचा गुडघा खाल्ला. हे बोलायला नको होतं असं दादाच्या तोंडावरून दिसलं, पण बोललो.

मग इवाओ उठला. म्हणाला, तरफेवर मी उभा राहणार आहे, त्सुनेने आस केला असेल तर डोळे मिटून उभा राहीन. त्याचं हे जुनंच आहे. शाळेत शर्यतीत मी पडलो की मागे वळून हात द्यायचा, म्हणजे सगळ्यांना दिसावं की मी पडलोय. तोमोए भिंतीशी बसून टाळ्या वाजवत होती. माझी बाजू जिंकली म्हणून.

शेवटी मिस्त्रींना विचारलं. म्हणाले, "करू दे. मोडायचा नाही तो."

६ जुलै

पहिला आस वाया गेला. तापवून तेलात सोडला आणि वाकला. मी हातोडा फेकला, तो खिडकीतून पलीकडे शेजारच्या सोजिरोच्या कोबीत. दादाने डाव्या पायावर भार देऊन नवा दांडा लेथवर चढवला आणि म्हणाला, गोलाई किती मिलिमीटर सांग. मी सांगितली. दिवसभर तो एका पायावर उभा होता. त्याच्यासमोर मला बसता येईना.

दुकानाचं दारही पुन्हा खाचेतून निखळलंय. दादा म्हणतो, हे सरकवायचं दार आहे, आपटायचं नव्हे, एवढं तरी कॉलेजात शिकवायला हवं होतं.

३ ऑगस्ट

आस बसवला. रथावर सहा टन वाळूची पोती ठेवली, दोन दिवस ठेवली. केसभर वाक नाही. मग पोती उतरवून रथ ढकलून पाहिला. चार माणसांनी हलायचा तो दोन बायकांनी हलवला, आणि काडीचा आवाज नाही. लोक चाकाशी वाकून वाकून बघत होते. बैठकीत ट्रक म्हणणारा म्हातारा मला बाटलीभर साके देऊन गेला. तोमोए इवाओला म्हणाली, "बघ, आता." हे मी ऐकलं. "आता" काय, ते कळलं नाही, पण तिला माझा अभिमान वाटतो आहे हे उघड होतं.

मिस्त्रींनी मागच्या तुळईला कान लावला. रथ हलवायला लावला, पुन्हा कान लावला.

"गप्प आहे हा," ते म्हणाले.

मी म्हटलं, गप्पच असायला हवा, यंत्र आहे. त्यांनी मान हलवली आणि घरी गेले. दुसऱ्याचं काम चांगलं म्हणताना माणसाच्या जिवावर येतं, मग तो मिस्त्री का असेना.

७ सप्टेंबर

सरावाची ओढ. जे झालं ते क्रमाने लिहितो.

देवळाजवळचं पहिलं वळण सावकाश घेतलं. ठीक झालं. दुसरं टोफूवाल्याचं, पूर्ण वेगात. ढोल चढले, इवाओने तरफ घातली, पुढचं चाक अडलं. आणि मागचे लोक हललेच नाहीत. क्षणभर. मग मिस्त्रींचा हात खाली आला, दोर ताणला, पण तोवर रथ सरळ पुढे गेला होता. टोफूवाल्याचं छप्पर कौलांसकट खाली. चाकाने तरफ उडवली आणि तरफेने इवाओला. तो गटारापलीकडे जाऊन पडला.

मी आधी रथाखाली घुसलो. आस जागच्या जागी. खांद्याला रेघसुद्धा नाही. बाहेर आलो तेव्हा माझ्या तोंडावर हसू असणार, कारण तोमोए समोरून धावत येत होती आणि मी तिला सांगणार होतो, मोडला नाही म्हणून. ती माझ्या खांद्याला घासून पुढे गेली. तिने मला पाहिलं नसावं.

इवाओच्या दोन बरगड्यांना चीर, डावा हात गळ्यात. म्हणतो, जत्रेला उभा राहणार.

सगळ्यांनी मागच्यांना दोष दिला. मिस्त्री म्हणाले, "माझाच हात उशिरा हलला." मी सगळ्यांसमोर म्हणालो, मग कान आणि हात शाबूत असलेला माणूस उभा करा तिथे. मिस्त्रींनी कपाळाची पट्टी सोडली, घडी केली, आणि तुळईवर ठेवून गेले.

९ सप्टेंबर

तोमोए लेथवर आली. हातात काही नव्हतं.

म्हणाली, चाळीस वर्षं बाबा त्या तुळईपाशी उभे राहतात. वळणावर डोळे मिटलेले असतात त्यांचे. तू सात वर्षं दोराला होतास, एकदा तरी वळून पाहिलंस का? मी म्हटलं, डोळे मिटून इशारा देत असतील तर रथ भिंतीवर जाणारच.

"चार महिने मी इथे काय तेलाचा वास घ्यायला येत होते?" ती म्हणाली. "मला तो जिवंत हवाय, त्सुने. तुझा आस मोडो नाहीतर राहो."

तो म्हणजे दादा असेल, असं मी आधी लिहिलं होतं. खोडलं.

१० सप्टेंबर

शेजारच्या वस्तीचा सराव होता. त्यांचा आस अजून ओकचा. मी त्यांच्या वळणावर जाऊन उभा राहिलो आणि डोळे मिटले.

ढोल, झांजा, आरडाओरडा, सगळं एकात एक. मग त्यातून वर, चिरत गेलेली किंचाळी. तरफ बसली. अर्धा श्वास. लगेच मागच्या दोराचा ताण, शंभर पायांची एकदम थाप. रथ वळला. तीन वेळा ऐकलं. तिन्ही वेळा आधी आस, मग दोर.

मागच्या माणसाला पुढचं चाक दिसतच नाही. मधे चार मीटर उंच रथ असतो. तरफ कधी बसली हे त्याला आस ओरडून सांगतो. तुळईला हात लावला असेल तर थरथरून सांगतो. म्हणून समुद्राचं पाणी. म्हणून वंगण नाही. कुणी हे कधी बोललं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. हात आपोआप हलत होते. मी तो आवाज काढून टाकला आणि वर म्हाताऱ्याला बहिरा ठरवलं.

घरी येऊन अंधश्रद्धांची यादी फाडली.

एक गोष्ट लिहायला हवी. हे आत्ता मला एकट्यालाच कळलं आहे. मी काही बोललो नाही तर आस माझा राहील, दोष मिस्त्रींच्या कानांचा राहील, आणि तरफेवर इवाओ राहील, एका हाताने. तोमोए "तो" म्हणाली तो कोण, हे मला कालच कळलं होतं. हा विचार माझ्या मनात किती वेळ होता ते सांगता येणार नाही. भात निवून गेला होता एवढं खरं.

११ सप्टेंबर

दादाला सांगितलं. तो म्हणाला, आवाजच हवा ना, वंगण काढ. काढलं. पुढचा भाग जॅकवर उचलून चाक फिरवलं. पोलाद आता सतत ओरडतं, तरफ असो नसो, सारखंच. त्यातून काही कळत नाही, आणि बुश दहा मिनिटांत हाताला चटका देण्याइतका तापला. मग शिट्टीचा विचार केला. दादानेच नाही म्हटलं. तरफेवाल्याच्या तोंडात शिट्टी दिली तर तो आधी तरफ पाहील की फुंकर? तिसऱ्याने वाजवायची तर तो आधी बघणार, मग वाजवणार, तोवर छप्पर खाली.

दादाने गुडघा चोळला. मग म्हणाला, "आपला आस मजबूत आहे. रथाला नको आहे, एवढंच."

आपला म्हणाला.

१२ सप्टेंबर

बैठकीत उभा राहिलो आणि सांगितलं, पोलादी आस काढा. कारणही सांगितलं. मिस्त्रींचा हात उशिरा हलला नव्हता, त्याला माझ्यामुळे हाकच गेली नव्हती. ट्रकवाला म्हातारा म्हणाला, दोन दिवसांवर जत्रा आणि आता सांगतोस होय रे, बाटली परत दे. दोघं-तिघं हसले. इवाओ हसला नाही. प्रश्न एवढाच उरला, की दोन दिवसांत आस आणायचा कुठून. वाळलेला ओक असा झाडाला लागत नाही.

मिस्त्री कोपऱ्यात बसले होते. उठले आणि मला म्हणाले, "चल."

शेडमध्ये जुन्या तुकड्यांच्या शेजारी दुसरी ताडपत्री होती. तिच्याखाली ओकचा नवा आस. खांद्याला काटकोन नव्हता. जाडीतून बारीक भागाकडे लाकूड सावकाश, वाडग्याच्या काठासारखं उतरत होतं. वर भिंतीला चार खिळ्यांनी ठोकलेला माझा कागद. भाराचे बाण, गोलाईचा आकडा, एका कोपऱ्याला चहाचा डाग.

रंध्याने ही गोलाई होईना, म्हणाले, म्हणून काचेच्या तुकड्याने घासली. जूनपासून.

मी विचारलं, मग बोलला का नाहीत. त्यांनी आसावरची धूळ तळव्याने पुसली.

"काय बोलणार? मी कानाने हात हलवतो हे मला तरी कुठे माहीत होतं. तुझा गप्प निघाला तेव्हा आपल्याला काहीतरी ऐकू येत नाही, एवढं कळलं. मला वाटलं, वय झालं."

मला माफी मागायची होती. मी गोलाईवरून अंगठा फिरवत राहिलो आणि शेवटी म्हणालो, दोन मिलिमीटर जास्त घेतलीय तुम्ही. ते म्हणाले, लाकडाला जास्त लागते. बरोबर आहे, लागते.

निघताना म्हणाले, रविवारी माझ्या डाव्या बाजूला तुळईपाशी उभा राहा. डावा कान गेलाय माझा, तेवढं तू खरं बोललास.

१६ सप्टेंबर

जत्रा झाली. काल दुपारचं वळण लिहितो, बाकी सगळ्यांनी पाहिलंच आहे.

दोन्ही दिवस सकाळी मी आणि दादाने बंदरावरून बादल्या आणून आसावर पाणी ओतलं. इवाओचा उजवा हात तरफेवर आणि डावा छातीशी बांधलेला, तरी त्याने जागा सोडली नाही. त्याच्या मानेला टॉवेल होता, माझ्यासारखाच गिरणीतला, पण काठ शिवून सरळ केलेला आणि कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने त्याचं नाव. टाके बारीक होते.

टोफूवाल्याच्या छपरावर अजून कौलांऐवजी ताडपत्री. म्हातारा टोफूवाला रस्त्यात उभा राहून ओरडत होता, या वेळी भिंत घेऊन जा, म्हणजे नवीन बांधून मिळेल. ढोल चढले. मिस्त्रींनी डोळे मिटले, मीही मिटले. तळवे तुळईवर. पुढे काय चाललंय ते काही दिसत नव्हतं. मग आस किंचाळला. तळव्यातून कोपरापर्यंत आलं ते. मिस्त्रींचा हात खाली आला तेव्हा माझाही आलेला होता, मी आणला नव्हता. दोर ताणला, शेपूट फिरलं, माझ्या गालाला वारा लागला, आणि डोळे उघडले तेव्हा टोफूवाला तसाच उभा होता, भिंतीसकट.

नंतर खाली घुसून खांदा तपासला. रेघ नाही.

संध्याकाळी मिस्त्रींकडे जेवण होतं. उकडलेले खेकडे, भाज्यांचा रस्सा, साके. दादा, इवाओ, आम्ही सगळे. मिस्त्रींनी पोलादी आस मागून घेतला, शेडच्या दाराला उंबरा म्हणून टाकणार आहेत. म्हणाले, तो मोडायचा नाही. दादा एवढा हसला की रस्सा सांडला.

इवाओचा एक हात बांधलेला, त्याला खेकडा फोडता येईना. तोमोए काही न विचारता त्याच्या ताटातला खेकडा उचलून फोडायला लागली. काडीने गर काढून त्याच्या वाडग्यात टाकत होती आणि तोंडाने आपल्या आईशी लोणच्याविषयी बोलत होती. त्याच्याकडे पाहतही नव्हती. पाहायची गरज नसल्यासारखी. इवाओने मान वर केली, मला पाहिलं आणि आपली साके माझ्याकडे सरकवली. शाळेत हात द्यायचा तसंच. या वेळी मी घेतली.

मग उठलो. मिस्त्री म्हणाले, बस की, खेकडा तसाच आहे तुझा. म्हटलं, आसावर ओली पोती टाकून येतो, वाऱ्याने लाकूड तडकायला नको. ते खरंच होतं. तोमोएने विचारलं, टॉवेल आहे का, हात ओले होतील. म्हटलं, आहे.

चपला घातल्या. आतून दादाचा आवाज येत होता, माझ्या हातोड्याची आणि सोजिरोच्या कोबीची गोष्ट सांगत होता. मी बाहेर आलो, दाराच्या दोन्ही फळ्यांना हात लावला आणि त्या खाचेतून सावकाश सरकवत एकमेकींना टेकवल्या.